मॉडेल इंजिन चढावर का थकतं? मोटरकडे नंतर बघा, आधी चाकांकडे

नवं इंजिन रुळावर ठेवलं की एकटं झकास पळतं. मागे चार डबे लावून चढावर सोडलं की मात्र चाकं गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी बहुतेकांचा पहिला निष्कर्ष ‘मोटर कमजोर आहे’ असा असतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. चाकं फिरताहेत याचाच अर्थ मोटरमध्ये ताकद शिल्लक आहे. कमी पडते ती रुळावरची पकड. ही पकड ठरते दोन गोष्टींवरून: मोटरची ताकद कुठल्या चाकांपर्यंत पोचते, आणि इंजिनाच्या वजनापैकी किती त्या चाकांवर पडतं.

हा लेख एचओ म्हणजे १:८७ प्रमाणातल्या, १६.५ मिमी गेजच्या, १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या इंजिनांसाठी आहे. एन या आणखी लहान स्केलला तत्त्व तेच, आकडे लहान. डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल आदेश देऊन गाडी चालवायची पद्धत, आणि डिकोडर म्हणजे ते आदेश वाचणारं इंजिनातलं सर्किट. डीसीसीवाल्यांनी डिकोडरबद्दलच्या सूचना वगळू नयेत.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. ‘बोगी’ म्हणजे खालचा चाकांचा गाडा, अख्खा डबा नव्हे. एकाच दांड्यावरची दोन चाकं म्हणजे एक ‘जोडी’. मोटरने फिरणाऱ्या चाकांना ‘ओढीची चाकं’ म्हणू, नुसत्या वजनाला असणाऱ्यांना ‘मोकळी चाकं’.

लागणारं सामान

- १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा
- मल्टिमीटर, ज्यावर १० अँपिअर डीसीची सोय आहे असा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या
- जाड काचेचा तुकडा किंवा जुना आरसा, आणि पातळ कागदाच्या पट्ट्या
- दोरा, छोटी पुली, हलकी प्लास्टिकची पिशवी आणि सुटी नाणी
- मोटारीच्या चाकांच्या बॅलन्सिंगसाठी टायरवाला लावतो ती चिकटपट्टीची वजनं. ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांत मिळतात, हव्या तितक्या तोडता येतात
- प्लास्टिकला चालणारं हलकं तेल. शिलाई मशीनचं सरसकट वापरू नका, काही प्लास्टिकना ते मानवत नाही

वजनाच्या पट्ट्या शिशाच्या असतील तर हात धुवायचे, कापताना उडालेला चुरा झाडून टाकायचा, आणि घरात लहान मूल असेल तर पट्ट्या कपाटात.

## १. झाकण काढा आणि ओढीची चाकं मोजा

इंजिन उलटं करून नुसतं बघून कळत नाही. खालून सगळी चाकं सारखीच दिसतात. इंजिन मऊ कापडावर उताणं ठेवा, कंट्रोलरच्या दोन तारा चाकांना टेकवा आणि कमी व्होल्टेज द्या. कुठली चाकं फिरतात ते कागदावर लिहा. तारा टेकवूनही काहीच हललं नाही, तर तुम्ही वीज न घेणाऱ्या चाकांना हात घातलाय. दुसऱ्या जोडीवर करून बघा.

बाजारात साधारण चार रचना सापडतात.

पहिली, एका बोगीतच मोटर. लिमा आणि जुन्या हॉर्नबीच्या बऱ्याच डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांत हीच. चपटी गोल मोटर बोगीच्या आत बसवलेली, दुसरी बोगी नुसती वजन आणि वीज उचलायला. स्वस्त, दुरुस्तीला सोपी, पण अर्धं वजन ओढीच्या कामाला येत नाही.

दुसरी, मधे मोटर आणि दोन्ही बोग्यांना शाफ्ट. मोटर बॉडीच्या मध्यावर, दोन्ही टोकांना फ्लायव्हील (गती टिकवणारं जड चाक), तिथून कार्डन शाफ्ट (सांधे असलेला फिरता दांडा) आणि प्रत्येक बोगीवर वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर). अमेरिकेतल्या अॅथर्नने ही पद्धत सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी केली. आता चांगल्या इंजिनांत हीच असते.

तिसरी, मधे मोटर पण शाफ्ट एकाच बोगीला. ही सगळ्यात फसवी. बाहेरून आणि वरूनही दुसऱ्या रचनेसारखी दिसते. शाफ्ट मोजा.

चौथी, तीन जोड्यांच्या बोगीत दोनच जोड्या ओढीच्या. बहुधा मधली मोकळी असते. हे काही फक्त खेळण्यातलं काटकसरीचं काम नाही. खऱ्या रेल्वेत आपल्याकडच्या डब्ल्यूडीपी-४ या डिझेल इंजिनाला सहा जोड्या असून ट्रॅक्शन मोटर चारच होत्या, प्रत्येक बोगीतली आतली जोडी मोकळी. पुढे डब्ल्यूडीपी-४बी मध्ये सहाही जोड्यांना मोटर आल्या.

खऱ्या इंजिनांचंच आणखी एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. विजेवर चालणारं डब्ल्यूएपी-५ चार जोड्यांचं, ७८ टनांचं. डब्ल्यूएपी-७ सहा जोड्यांचं, १२३ टनांचं. दोन्हींत सगळ्या जोड्या ओढीच्या. अश्वशक्तीत फार फरक नाही, पण जड गाडी जागेवरून उचलायची तर डब्ल्यूएपी-७ सरस ठरतं. वेग अश्वशक्तीवर मिळतो, उचल पकडीवर.

## २. प्रत्येक बोगीवरचं वजन वेगवेगळं तोला

आधी अख्खं इंजिन तोला. मग एक बोगी काट्यावर आणि दुसरी तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा. पुस्तकांची चळत चालते, फक्त इंजिन आडवं हवं. कलतं राहिलं तर आकडा चुकतो. नंतर फिरवून दुसरी बोगी तोला. दोन्हींची बेरीज एकूण वजनाच्या दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे आली पाहिजे. दहा ग्रॅमचा फरक पडला तर ठोकळ्याची उंची बघा.

हे आकडे इंजिनाच्या खोक्याच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच आकड्यांवर उभ्या आहेत, आणि सहा महिन्यांनी ते आठवत नाहीत.

## ३. ओढीचा हिशोब मांडा

निकेल-सिल्व्हरच्या स्वच्छ रुळावर धातूच्या चाकाची ओढ त्या चाकावरच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी धरून चला. रूळ तेलकट असेल तर कमी, रबरी रिंग असेल तर जास्त. नेमका आकडा पुढच्या पायरीत मोजायचाच आहे.

आता डबा. आयसीएफ (चेन्नईतल्या कोच कारखान्याच्या नमुन्याच्या) डब्याची खरी लांबी २१.३ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये साधारण २४५ मिमी. अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी मंडळींच्या संघटनेची शिफारस अशी की एचओ डब्याचं वजन १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस असावं. २४५ मिमीच्या डब्याला ते १६५ ग्रॅमच्या आसपास येतं. चाकं बरी असतील तर असा डबा सपाटीवर ओढायला सुमारे ४ ग्रॅमची ओढ लागते.

चढ आला की गणित बदलतं. बोरघाटाचा चढ १:३७ आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक लेआउटवर (रूळ मांडलेल्या टेबलावर) घाट करायचा म्हटलं की हाच आकडा डोक्यात असतो. १:३७ वर १६५ ग्रॅमच्या डब्याचं वजनच साडेचार ग्रॅमने मागे खेचतं. म्हणजे एका डब्याला साडेआठ ग्रॅम. इंजिन ४०० ग्रॅमचं असेल तर ते स्वतःलाच वर चढवायला ११ ग्रॅम खातं.

हे ४०० ग्रॅमचं इंजिन दोन रचनांत बघा.

सगळी चाकं ओढीची: एकूण ओढ ८० ग्रॅम. सपाटीवर २० डबे. घाटात ८० वजा ११ म्हणजे ६९ ग्रॅम उरतात, त्यात ८ डबे.

एकच बोगी ओढीची, वजन निम्मं-निम्मं: एकूण ओढ ४० ग्रॅम. सपाटीवर १० डबे. घाटात ४० वजा ११ म्हणजे २९ ग्रॅम, म्हणजे कागदावर ३ डबे. मोकळ्या बोगीच्या चाकांचं आणि वीज उचलणाऱ्या पत्र्यांचं घर्षण चार-पाच ग्रॅम धरलं, तर तिसरा डबाही जेमतेम.

सपाटीवर निम्म्यावर आलेली ओढ घाटात निम्म्याहूनही खाली गेली, कारण स्वतःचं वजन वर न्यायचा खर्च दोन्हीकडे तेवढाच आहे. दुकानात टेबलावरच्या सपाट रुळावर दहा डबे ओढून दाखवलेलं इंजिन घरच्या घाटात तीन डब्यांत थकतं ते याचमुळे. यात दुकानदाराने फसवलेलं नसतं.

वळणाचा खर्च वेगळा. जोडीतली दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असतात, एकत्रच फिरतात. ४५७ मिमी त्रिज्येच्या वळणावर बाहेरच्या रुळाची लांबी आतल्यापेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त भरते. म्हणजे प्रत्येक जोडीतलं एक ना एक चाक सतत थोडं घासतच जातं. ६१० मिमीला हा फरक २.७ टक्क्यांवर येतो. घाट आणि तंग वळण एकाच जागी आणू नका. आणावंच लागलं तर तिथे चढ कमी करा.

## ४. खरी ओढ मोजा

इंजिनाच्या मागच्या कपलिंगला दोरा बांधा. रूळ टेबलाच्या कडेपर्यंत न्या, कडेला पुली, पुलीवरून दोरा खाली आणि त्याला पिशवी. दोरा पुलीपर्यंत कपलिंगच्याच उंचीवर, रुळाला समांतर हवा. वर तिरपा गेला तर दोराच इंजिन उचलतो किंवा दाबतो आणि आकडा बिघडतो.

चाकं आणि रूळ अल्कोहोलने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. इंजिन मध्यम वेगात सोडा आणि पिशवीत एकेक नाणं टाका. चाकं जागच्या जागी फिरायला लागली की थांबवा, पिशवी नाण्यांसकट तोला. नाणी मोजून वजनाचा अंदाज बांधू नका. एकाच किमतीच्या जुन्या-नव्या नाण्यांचं वजन वेगळं असतं.

हे तीनदा करा, दोन्ही दिशांना. मिळालेली ओढ भागिले ओढीच्या चाकांवरचं वजन, हा तुमच्या इंजिनाचा खरा गुणांक. ०.२ च्या जवळपास आला तर सगळं ठीक. ०.१२-०.१३ आला तर इंजिनाला दोष द्यायच्या आधी चाकांवर तेल आहे का बघा. गिअरला घातलेलं तेल हमखास चाकांवर उतरतं.

याच वेळी प्रवाहही मोजा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत, कंट्रोलरच्या एका तारेच्या मधे, म्हणजे सिरीजमध्ये लावायचा. दोन रुळांवर टेकवलात तर शॉर्ट होऊन मीटरचा फ्यूज जाईल. इंजिन हाताने अडवा, चाकं जागच्या जागी फिरू द्या आणि आकडा वाचा. डीसीसी बसवणार असाल तर हा आकडा डिकोडरच्या सततच्या क्षमतेपेक्षा कमी असलाच पाहिजे.

इथेच सगळ्यात महागडा सापळा आहे. अडवल्यावर चाकं फिरली पाहिजेत. चाकं थांबली आणि मोटर नुसती गुणगुणली, तर इंजिनावर मोटरच्या ऐपतीपेक्षा जास्त वजन आहे. तसंच चालवलं तर आधी मोटर तापते, मग गुंडाळीचं इन्सुलेशन जळतं. हाताला लागेल इतपत गरम व्हायला एक मिनिटही पुरतं.

## ५. वजन हलवा, मग वाढवा

नवखे लोक जिथे जागा दिसेल तिथे वजन कोंबतात. एकाच बोगीच्या इंजिनात हे बिनकामाचं ठरतं. ६० ग्रॅम वाढवायचे आहेत असं धरू, घाट तोच १:३७.

ओढीच्या बोगीच्या बरोबर वर ठेवलेत: ओढ १२ ग्रॅमने वाढली, स्वतःला चढवायचा खर्च दीड ग्रॅमने. निव्वळ फायदा दहा ग्रॅम, म्हणजे एक डबा.

मधोमध ठेवलेत: निम्मंच ओढीच्या चाकांवर आलं. फायदा साडेचार ग्रॅम, अर्धा डबा.

मोकळ्या बोगीवर ठेवलेत: ओढ शून्य, खर्च तेवढाच. म्हणजे ६० ग्रॅम वाढवून इंजिन आधीपेक्षा कमजोर झालं.

म्हणून पहिलं काम वजन हलवायचं. मोकळ्या बोगीच्या वर कंपनीने बसवलेला लोखंडी ठोकळा असेल तर तो शक्य तितका ओढीच्या बाजूला सरकवा. दोनशे-दोनशेचं प्रमाण २४०-१६० झालं तरी ओढ ४० वरून ४८ ग्रॅमवर जाते आणि घाटातला चौथा डबा आवाक्यात येतो, तोही एक ग्रॅम न वाढवता.

पण ६०-४० च्या पुढे जाऊ नका. मोकळी बोगी फार हलकी झाली की सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागी, उडते, विशेषतः ती पुढे असताना. शिवाय बऱ्याच इंजिनांत वीज प्रामुख्याने हीच बोगी उचलते. हलकं चाक म्हणजे खराब संपर्क. ओढ वाढली आणि दिवे लुकलुकायला लागले तर समजा तुम्ही हद्द ओलांडलीत.

मधे मोटर आणि दोन्ही बोग्या ओढीच्या असतील तर काम सोपं आहे: दोन्हीकडे सारखं वजन. फार तर पाच-दहा ग्रॅमचा फरक चालतो.

ठेवताना वजन जितकं खाली तितकं बरं. छताला चिकटवलेलं वजन वळणावर इंजिन डोलवतं. धातूच्या पट्टीखाली सर्किट बोर्ड असेल तर मधे कॅप्टॉन टेप (वीज रोखणारी, उष्णता सोसणारी पातळ टेप) लावा, नाहीतर शॉर्ट. डिकोडर पट्टीखाली गाडू नका, त्याला हवा लागते. शेवटी बोगी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वजनाचा कोपरा गिअरच्या मनोऱ्याला अडला की इंजिन सरळ रुळावर उत्तम चालतं आणि पहिल्याच वळणावर उतरतं.

## ६. तीन जोड्यांची बोगी काचेवर तपासा

सहा जोड्यांचं इंजिन म्हणजे जास्त पकड, हा समज अर्धाच खरा. एकूण वजन तेवढंच, सगळी चाकं ओढीची, तर जोड्या चार असोत की सहा, ओढ तीच. जोड्या वाढल्याने वजन फक्त वाटलं जातं. उलट, तीन जोड्या एका रेषेत नसतील तर नुकसानच.

इंजिन काचेवर ठेवा. प्रत्येक चाकाखाली कागदाची पातळ पट्टी सरकवा आणि एकेक हळूच ओढून बघा. सगळ्या पट्ट्यांना साधारण सारखा विरोध जाणवला पाहिजे. मधल्या जोडीच्या पट्ट्या घट्ट आणि बाहेरच्या सहज निघाल्या, तर मधली जोडी खाली आली आहे. बोगी तिच्यावर सी-सॉसारखी झुलते, कधी पुढचं चाक रुळाला टेकतं, कधी मागचं. ओढही जाते, वीजही तुटते. मधल्या जोडीच्या पट्ट्या सैल असतील तर एवढं काळजीचं नाही. वजन बाहेरच्या चार चाकांवर आहे, इतकंच.

उपाय बहुतेक वेळा साधा असतो. खालचं गिअरचं झाकण नीट बसलेलं नसतं, किंवा दांड्याच्या पितळी बेअरिंगखाली प्लास्टिकची बारीक कूस राहिलेली असते. झाकण काढा, कूस ब्लेडने खरवडा, पुन्हा काचेवर ठेवा. मधली जोडी मोकळी असेल तर तिला वर-खाली आणि आडवं थोडं खेळायला मिळालंच पाहिजे. तिच्यावर जोरकस स्प्रिंग असेल तर ती फुकट वजन खाते. स्प्रिंगचा एखादा वेढा कापा.

डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: खऱ्या इंजिनाच्या बोगीतच तीन जोड्यांमधली अंतरं असमान आहेत. मॉडेलमध्ये तसं दिसलं तर ती चूक नाही, ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

## ७. मोटरची बोगी पुढे ठेवायची की मागे?

यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. ‘ओढताना वजन मागे जातं, म्हणून ओढीची बोगी मागेच हवी’ हे तत्त्व खरं आहे. पण किती?

कपलिंग रुळापासून सुमारे १० मिमी उंच. ओढ ४० ग्रॅम. दोन बोग्यांच्या मध्यांतलं अंतर १२० मिमी. त्यामुळे मागच्या बोगीवर सरकतं ते वजन ३ ग्रॅमच्या थोडं वर. १:३७ च्या चढाने आणखी सव्वादोन ग्रॅम. सगळं मिळून साडेपाच ग्रॅम, त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे जेमतेम एक ग्रॅम ओढ. पुढे-मागे मधला एकूण फरक दोन ग्रॅम, म्हणजे पाव डबा. एवढ्यासाठी भांडायचं कारण नाही.

खरा फरक रुळावर टिकण्यात पडतो. बोगीतच मोटर असेल तर ओढ लावताना बोगी पुढून उचलू पाहते. बोगीचा खिळा रुळापासून १५ मिमी वर आणि दोन जोड्यांतलं अंतर ३४ मिमी धरलं, तर ४० ग्रॅम ओढीला बोगीची पुढची जोडी १७-१८ ग्रॅमने हलकी होते आणि मागची तेवढीच जड. ही बोगी सगळ्यात पुढे असेल तर वळणात आधी शिरणारं चाकच हलकं पडतं, आणि सांध्याच्या जिभेवर चढायला त्याला निमित्तच हवं असतं.

तेव्हा घाटात चढताना ओढीची बोगी मागे राहील असं इंजिन लावा, पण मोकळ्या पुढच्या बोगीवर ४० टक्के वजन आहे ना, याची खात्री करून. सांध्यावर वारंवार पुढची बोगी उतरते? वजन दहा-दहा ग्रॅमने पुढे सरकवून बघा.

## ८. रबरी रिंग: औषध आणि पथ्य

ट्रॅक्शन टायर म्हणजे ओढीच्या चाकाच्या खाचेत बसवलेली रबरी रिंग. ओढ भरपूर वाढवते, आणि त्याची किंमतही वसूल करते.

रबर असलेलं चाक वीज उचलत नाही. चार चाकांच्या ओढीच्या बोगीत दोन रिंगा असतील तर तिथून वीज घेणारी दोनच चाकं उरली. इन्सुलेटेड फ्रॉगवरून (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात तो वीज नसलेला तुकडा) हळू जाताना इंजिन अडकण्याचं हे नेहमीचं कारण. एकाच जोडीच्या दोन्ही चाकांना रिंगा असतील तर वळणावर घासायला एकही चाक मोकळं राहत नाही, ओढीतला काही भाग तिथेच मरतो. आणि रबर रुळावरची काळी घाण उचलून सगळीकडे पसरवतं.

रिंग बदलताना चाकाची खाच टूथपिकने पूर्ण साफ करा. जुन्या रबराचा कण राहिला तर चाक लंगडतं. नवी रिंग चिमट्याने न ताणता बसवा, पीळ पडू देऊ नका, गोंद लावू नका. अल्कोहोलने वारंवार पुसल्यावर रबर सुकून भेगाळतं, तेव्हा रिंगवाली चाकं कोरड्या कापडाने पुसा. तेल लागलं तर रिंग फुगते, सैल होते, आणि एक दिवस गिअरमध्ये गुंडाळलेली सापडते. रिंग बसवल्यावर चौथ्या पायरीतली अडवणुकीची चाचणी पुन्हा करा. पकड वाढली म्हणजे मोटर अडण्याचा धोकाही वाढला.

माझ्या मते, सगळी चाकं ओढीची असलेल्या इंजिनाला रिंगांची गरज नाही. एकाच बोगीच्या इंजिनाला मात्र त्या काढून टाकण्याचा शहाणपणा करू नका.

## ९. वाफेचं इंजिन

इथे मोटर सहसा एकाच जोडीला गिअरने जोडलेली असते आणि बाकीच्या जोड्या बाजूच्या दांड्यांनी ओढल्या जातात. दांडे असेपर्यंत त्या सगळ्या ओढीच्याच.

प्रश्न वजन कुठे पडतं याचा. ४-६-२ रचनेच्या डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनामध्ये पुढची चार आणि मागची दोन चाकं मोकळी. इंजिन टेंडरपासून (मागचा कोळसा-पाण्याचा गाडा) सोडवा आणि गोल पेन्सिलीवर आडवं तोलून बघा. तोल ओढीच्या तीन जोड्यांपैकी मधल्या जोडीवर किंवा तिच्या अगदी जवळ साधला पाहिजे. पुढच्या जोडीच्याही पुढे साधला, तर मागची ओढीची चाकं नुसती मिरवायला आहेत. फुटप्लेटखाली किंवा कॅबमध्ये वजन वाढवा. मोकळ्या चाकांच्या स्प्रिंगा रुळावर टिकण्यापुरत्याच हव्यात. जोरकस स्प्रिंग इंजिनाचं नाक वर उचलते आणि ओढ चोरते.

याउलट माथेरानची जुनी ०-६-० टाकीवाली इंजिनं: मोकळं चाक एकही नाही, वजनाचा प्रत्येक किलो ओढीला. १:२० च्या चढासाठी ते योग्यच होतं.

टेंडरमध्ये मोटर असलेली मॉडेल्स युरोपात बरीच निघाली. त्यात ओढतो टेंडर आणि ढकललं जातं इंजिन. वजन टेंडरमध्ये घाला, इंजिनात नाही. इंजिनाच्या दांड्यांना जराही अडथळा असेल तर चाकं न फिरता रुळावर घसटत जातात आणि ते फार वाईट दिसतं. टेंडर सोडवून इंजिन हाताने काचेवर ढकला. चाकं अडखळत असतील तर दांडे आणि त्यांच्या खिळ्यांना तेलाचा एकेक थेंब. तरीही अडखळली तर दांडा वाकलाय.

## १०. लोकल आणि दोन इंजिनं

मुंबईच्या लोकलमध्ये दर तीन डब्यांच्या युनिटमध्ये एक मोटर कोच असतो आणि तो मधे. मॉडेलमध्येही तीन डब्यांची लोकल करत असाल तर मोटर मधल्या डब्यातच घाला: एक डबा ओढला जातो, एक ढकलला जातो, कुठल्याही कपलिंगवर एका डब्यापेक्षा जास्त भार येत नाही. ढकलला जाणारा डबा पुरेसा जड ठेवा. सहा-सात डबे झाले की दुसरा मोटर कोच लागेल, आणि दोघांचा वेग जुळवावा लागेल.

वेग जुळवण्याची परीक्षा: दोन्ही इंजिनं एकाच रुळावर, दोन हात अंतर ठेवून, सारख्या व्होल्टेजवर सोडा. एका फेरीत अंतर हातभराहून जास्त बदललं तर डीसीवर ही जोडी लावू नका. एक सतत दुसऱ्याला फरफटवेल. डीसीसीत डिकोडरच्या वेगाच्या सेटिंगने हे जुळवता येतं.

कर्जतहून मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून घाट चढणारी गाडी मॉडेलमध्ये देखणी दिसते, फायदाही खरा होतो. सगळी ओढ पुढून आली तर तंग वळणावर मधले हलके डबे आतल्या बाजूला खेचले जाऊन उतरतात. बँकरमुळे तो ताण वाटला जातो. पण मागून जास्त ढकललं तर तेच डबे बाहेर फेकले जातात. बँकर पुढच्या इंजिनापेक्षा किंचित हळू ठेवा, सगळ्या डब्यांचं वजन सारखं करा, आणि पूर्ण लांबीच्या डब्यांसाठी वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट, म्हणजे ७३५ मिमीच्या आसपास धरा. जागा नसेल तर आखूड डबे घ्या.

## ११. विकत घेण्याआधी विचारायचे प्रश्न

जुनं इंजिन ऑनलाइन घेताना ‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांना काही अर्थ नसतो. विक्रेत्याकडून एवढं मागवा:

- उताण्या इंजिनाचा, चाकं फिरत असतानाचा व्हिडिओ. ओढीच्या जोड्या तुम्ही स्वतः मोजा
- झाकण काढलेला वरून फोटो, शाफ्ट एक की दोन ते दिसेल असा
- एकूण वजन ग्रॅममध्ये
- किती चाकांना रिंगा आहेत आणि त्या बाजारात अजून मिळतात का
- चाकांच्या दांड्यावरच्या गिअरचा जवळून फोटो. प्लास्टिकचा गिअर दांड्यावर तडकलेला असेल तर ती जोडी एकटं इंजिन चालताना फिरते, भार आला की थांबते

शेवटचा मुद्दा वाचून आपलं घरातलं इंजिन आठवलं असेल, तर चाकं आणि रूळ पुसून झाल्यावरही चौथ्या पायरीतला गुणांक ०.१ च्या आसपासच अडकलाय का ते बघा. तसं असेल तर वजन वाढवत बसू नका. एकेक जोडी बोटाने धरून, मोटर हळू फिरवून बघा. जी जोडी ‘टक टक’ करत थांबते, तिचा गिअर बदलायचा आहे.